वाचनालयाच्या नोंदींसाठी ब्राउझरमधील अ‍ॅप्लिकेशन: ओरॅकल एपेक्स की फ्रापे?

ग्रंथसेवक:
आमच्या वाचनालयातील सभासद, वर्गणी आणि देवघेव यांच्या नोंदी एकाच संगणकावरील मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये आहेत. दोन्ही खिडक्यांवरून एकाच वेळी देवघेव करता यावी म्हणून हे काम ब्राउझरमध्ये न्यायचे आहे. अनामतीचे आमचे नियम वेगळे असल्याने तयार प्रणाली नको. मला एसक्यूएल (डेटाबेसला आज्ञा देण्याची भाषा) बेताचे येते, जावास्क्रिप्ट मुळीच येत नाही. ब्राउझरमधील अ‍ॅप्लिकेशन बनवण्यासाठी ओरॅकल एपेक्स हे साधन घ्यावे की फ्रापे?

पंक्तिस्तंभ:
एसक्यूएल येत असेल तर एपेक्स घ्यावे. २००४ मध्ये एचटीएमएल डीबी या नावाने आलेले हे साधन डेटाबेसच्या आतच चालते. तुम्ही आखलेल्या पानांचे आराखडेही तेथील टेबलांतच साठवले जातात. त्यातील क्विक एसक्यूएलमध्ये टेबलाचे नाव आणि त्याखाली थोडे आत सरकवून रकान्यांची नावे लिहिली, की टेबल तयार करण्याच्या आज्ञा आपोआप मिळतात. ओरॅकल डेटाबेसच्या मोफत आवृत्तीतील १२ जीबीची मर्यादा वाचनालयाला कधीच आड येणार नाही.

आड येईल ती रकान्याची लांबी. व्हारचार२ या मजकुराच्या रकान्याच्या प्रकाराला नुसते १०० लिहिले, तर मूळ मांडणीत ते १०० बाइट धरले जातात आणि यूटीएफ-८ या यूनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट घेते. ‘वाचनालय’ हा एक शब्दच २१ बाइटांचा होतो, आणि ३३ चिन्हांपुढचे शीर्षक नाकारले जाते. म्हणून लांबी बाइटऐवजी कॅरेक्टरमध्ये द्यावी.

दप्तरी:
मुंबईत घडलेल्या फ्रापेमध्ये ब्राउझरमध्येच डॉकटाइप, म्हणजे नोंदीचा आराखडा, आखला, की मारियाडीबी या डेटाबेसमधील टेबल, नोंदीचा फॉर्म आणि यादी हे सारे एकदम उभे राहते. मात्र अनामतीसारखे नियम पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहावे लागतील (एपेक्समध्ये ओरॅकलची पीएल/एसक्यूएल ही भाषा लागेल, तेव्हा थोडे शिकणे दोन्हीकडे आलेच).

फ्रापेच्या अधिकृत पाठातील उदाहरण नेमके ग्रंथालयाचेच आहे, पण ते जसेच्या तसे उचलू नये. तेथे उपलब्ध आहे की दिलेले आहे ही स्थिती पुस्तकाच्याच नोंदीत ठेवलेली आहे. एका पुस्तकाच्या पाच प्रती असल्या तर ती मांडणी कोलमडते. पुस्तक आणि प्रत ही दोन टेबले करावीत, दाखल क्रमांक प्रतीला द्यावा आणि देवघेव प्रतीशीच जोडावी. साधन कोणतेही निवडले तरी हे आधी कागदावर ठरवावे.

ग्रंथसेवक:
आभारी आहे, एपेक्सने सुरुवात करतो. प्रतींचे वेगळे टेबल आमच्याकडे आजही नाही. शिवाय जुनी शीर्षके यूनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत.

पंक्तिस्तंभ:
मग आयात करण्यापूर्वीच ती रूपांतरित करावीत. त्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असतो. यूनिकोडमध्ये हा क्रम उलटा असतो. त्यामुळे रूपांतरानंतर ‘किल्ला’, ‘दुर्ग’ असे शब्द असलेली शीर्षके शोधून पाहावीत आणि ती सापडू लागल्यावरच उरलेला डेटा भरावा.