आकियोशींसारखी फ्लूटची फळी: तालमीत ऐकूच येत नाही, काय चुकतं?

खर्ज: जॅझ पियानोवादक-संगीतकार तोशिको आकियोशी आणि सॅक्स-फ्लूटवादक लू टबॅकिन यांनी १९७३ साली लॉस एंजेलिसमध्ये उभारलेल्या बिग बँडची (जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदाची) मांडणी नेहमीचीच: ४ ट्रम्पेट, ४ ट्रॉम्बोन, ५ सॅक्स, पियानो, बास, ड्रम. पण सॅक्सवाले फ्लूट-क्लॅरिनेट उचलायचे आणि सगळा रंग पालटायचा. तसा तुकडा लिहिला की संगणकावर झकास वाजतो, तालमीत मात्र फ्लूट गायब. असं का?

तिसरी ओळ: संगणकाचं ऐकू नका, तो फ्लूट आणि ट्रम्पेट एकाच जोराने वाजवतो. फ्लूटचं खालचं सप्तक मऊ आणि हवेशीर असतं, उघड्या ब्रासखाली, म्हणजे मोकळ्या आवाजातल्या ट्रम्पेट-ट्रॉम्बोनखाली, ते बुडणारच. एक तर फ्लूट सप्तकभर वर न्या, नाहीतर ट्रम्पेटवाल्यांना फ्लुगलहॉर्न (ट्रम्पेटचाच मऊ आवाजाचा भाऊ) द्या, ट्रॉम्बोनला बकेट म्यूट (आवाज मऊ करणारं झाकण) लावा. खालचाच रंग हवा असेल तर ब्रास पूर्ण गप्प ठेवा आणि प्रत्येक फ्लूटला माइक द्या. बॅरिटोन सॅक्सवाल्याला पाचवी फ्लूट देण्यापेक्षा बास क्लॅरिनेट द्या, सगळ्या फळीला बूड मिळतं.

वाद्य बदलायला वेळ ठेवलाय ना? १६० च्या लयीत ४ मात्रांचे ८ बार म्हणजे १२ सेकंद. त्याहून कमी नको. शिवाय बराच वेळ स्टँडवर पडलेली फ्लूट थंड होते आणि पहिले सूर उतरलेले लागतात. पहिल्याच सुरावर पाच जणांचा उघडा कॉर्ड ठेवू नका. ‘फ्लूट घ्या’ ही सूचना सॅक्सच्या शेवटच्या सुराला लागूनच लिहा. फ्लूटचा पहिला सूर येतो तिथे लिहून उपयोग नाही.

खर्ज: आल्टो सॅक्सच्याच पानावर फ्लूटचे सूर लिहिले तर चालतं?

कोमल नी: पान तेच, पण स्वरपट्टी (ओळीच्या सुरुवातीचे शार्प-फ्लॅट) बदला! ऐकू यायला सी हवा तर आल्टो आणि बॅरिटोन सॅक्सला ए लिहायचा, टेनर सॅक्स आणि क्लॅरिनेटला डी, फ्लूटला सीच. एफ मेजरमध्ये आल्टोला दोन शार्प असतात, फ्लूट घेताच एक फ्लॅट. हे विसरलं की एकटा तोच माणूस भलत्या पट्टीत वाजवतो आणि दोष त्याच्या कानाला जातो.

तिसरी ओळ: आणि पियानो तुम्हीच वाजवणार असाल तर फ्लूटच्या तुकड्यात डावा हात उचला. त्याच पट्ट्यातला भरगच्च कॉर्ड माइकमध्ये शिरतो आणि आतले सूर झाकतो.