मारुती ८०० : गिअरचा नॉब फुटला आहे, नवा कोणता घ्यावा?

रामबागकर, इंदूर
नमस्कार मंडळी. आमच्या २००५ सालच्या मारुती ८००चा गिअर नॉब उभा चिरला. प्लॅस्टिकचे कवच हातात आले, पण आतला पितळी बुश (आटे असलेली नळी) दांडीवरच घट्ट बसून राहिला आहे. बाकी गाडी ठणठणीत आहे. दुकानदार कुठल्याही गाडीला चालणारा, तीन स्क्रूंनी आवळायचा नॉब सुचवतात. तो घ्यावा, की मूळ मापाचाच शोधावा? शिवाय हा बुश काढावा कसा?

सुदामानगर
मूळ मापाचाच शोधावा, असे माझे ठाम मत आहे. ते तीन ग्रब स्क्रू थेट दांडीच्या आट्यांवर टेकतात. गिअर बदलताना बसणाऱ्या झटक्यांनी ते सैल होतात, आपण पुन्हा आवळतो, आणि असे करता करता आटे इतके चेपतात की पुढे योग्य नॉब मिळाला तरी तो बसत नाही.

बुश काढण्यासाठी हँडब्रेक ओढून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे. खाली चेकनट (बुश जागेवर घट्ट धरणारा नट) असल्यास तो आधी सैल करावा. मग दांडी आट्यांच्या खाली एका पकडीने धरून बुश दुसऱ्या पकडीने डावीकडे फिरवावा. दांडी न धरता जोर लावला, तर सगळा पीळ लिव्हरच्या खालच्या जोडावर जातो, आणि तिथली दुरुस्ती नॉबपेक्षा कितीतरी महाग पडते.

दांडी मोकळी झाल्यावर आट्यांचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजावा. पहिल्या आट्याच्या टोकापासून अकराव्याच्या टोकापर्यंत १२.५ मिमी भरले तर पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, १.२५ मिमी, आणि १५ मिमी भरले तर १.५. व्हर्नियर नसेल, तर बुश सियागंजातल्या एखाद्या नटबोल्टच्या दुकानात न्यावा. बोल्ट लावून पाहिला की माप लगेच कळते.

छावणी
वरील सर्व मान्य. नवा नॉब पूर्ण आवळल्यावर त्यावरचा गिअरांचा नकाशा बहुधा तिरका येतो. नॉब थोडा उलटा फिरवून तो सरळ करावा आणि खालून चेकनट आवळावा. नॉब हलत असल्यास निळ्या थ्रेडलॉकचा (आटे पक्के धरणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब पुरे. लाल वापरू नये, कारण तो तापवल्याशिवाय सुटत नाही. गाडी उन्हात उभी राहत असेल, तर धातूचा नॉबही टाळावा. मे महिन्यात त्याला हात लावणे कठीण होते.

रामबागकर
आभारी आहे. तोवर गाडी तशीच चालवली तर चालेल का?

सुदामानगर
कृपया चालवू नये. अचानक ब्रेक लागला, तर तळहात त्या उघड्या टोकावर आदळेल.