जुन्या पाणचक्कीचं घर करताना आतली यंत्रं काढावीत का?

रेखाटन_वही
नमस्कार मंडळी. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी इंग्लंडमधली १८व्या शतकातली धान्य दळायची एक पाणचक्की घेतलीये आणि तिचं एका कुटुंबासाठी घर करायचंय. जाड दगडी भिंती, तीन मजले, बाहेर एका अंगाला लाकडी चाक. अडचण तळमजल्याची आहे, तिथे जाडजूड तुळयांचा एक सांगाडा आहे नि त्यात मोठमोठी दातेरी चक्रं अडकवलीयेत, वर छतही बुटकं. गाइड म्हणतात हे सगळं काढ, मोकळं किचन-डायनिंग होईल, चाक बाहेर शोभेला राहू दे. मला ते अजिबात पटत नाहीये पण ज्युरीसमोर 'जुनं आहे म्हणून ठेवलं' एवढंच म्हणून कसं चालेल? ठोस मुद्दे हवेत.

चुना_दगड
काढू नकोस, आणि कारण भावनेचं नाहीच मुळी. तो सांगाडा भिंतींना टेकलेला नसतो, नीट बघ, बहुतेक ठिकाणी तो स्वतःच्या पायावर सुटा उभा असतो. मधल्या मजल्यावरच्या जात्यांचा भार तोच पेलतो, आणि एकेक दगड टनाच्या घरात जातो. बाहेरचं चाक मिनिटाला १०च्या आसपास फेरे घेतं, दातेरी चक्रांच्या दोन टप्प्यांतून वेग वाढत वाढत जात्याचा वरचा दगड १००च्या पुढे जातो. एवढी थरथर भिंतीत उतरली तर चुन्याचे सांधे सुटायला वेळ लागत नाही, म्हणून मिस्त्री लोकांनी यंत्राची इमारत आणि पावसापासून वाचवणारी इमारत वेगळी ठेवली, एक दुसरीच्या पोटात. हे ज्युरीला सेक्शनमध्ये, म्हणजे इमारत उभी कापल्यासारख्या चित्रात, दोन रंगांनी दाखव, आणि सांगाडा काढला तर जाती कशावर राहणार तेही विचार.

दुसरं म्हणजे प्लॅनपासून सुरुवात करूच नकोस. पोती साखळीने सर्वात वर जायची, तिथल्या कोठारातून धान्य आपल्या वजनाने मधल्या मजल्यावरच्या जात्यात आणि पीठ खालच्या मजल्यावर पोत्यात. प्रत्येक मजल्याची उंची, खिडक्यांच्या जागा, जमिनीतली भोकं सगळं त्या उतरंडीवरून ठरलंय. वरच्या मजल्याच्या तुळया धान्याच्या ओझ्यासाठी घातलेल्या, त्यामुळे घराचं वजन त्यांना काहीच नाही, लायब्ररी नाहीतर बाथटब न्यायचा तर वरच ने. फक्त तुळयांची टोकं भिंतीत कुजलीयेत का ते आधी ठोकून बघायचं.

चक्रांपाशी गेलीस तर दात हाताने चाचपून बघ. बऱ्याच गिरण्यांत चक्र बिडाचं पण त्यात बसवलेले दात लाकडाचे, सफरचंदाच्या नाहीतर हॉर्नबीम नावाच्या झाडाच्या. लोखंडावर लोखंड घासलं की आवाज आणि झीज दोन्ही जास्त, आणि काही अडकलं तर एक स्वस्त दात मोडतो, अख्खं चक्र नाही. दगडाच्या चऱ्या पण बघ, जात्याला टाकी लावतात तशाच पण बेतशीर आखलेल्या, पीठ कडेला सरकवणाऱ्या. असं काम आज कोण करून देणारे?

पाट_पाणी
वरच्या उत्तराशी सहमत, पण तुम्ही दोघं पाणी विसरताय. मी पाण्याचीच कामं करतो म्हणून सांगतो, असल्या जागी पहिला नकाशा पाण्याचा काढायचा, कुठून येतं, कुठल्या दारातून चाकावर पडतं, खालून कुठे निघून जातं. नदीकाठच्या मऊ जमिनीत कित्येक गिरण्या लाकडी खुंटांवर उभ्या आहेत. लाकूड कायम पाण्यात बुडलेलं असलं की टिकतं, हवा लागली की कुजतं. पाट बुजवून लॉन केलं, ओल गेली म्हणून सगळे खूश, आणि मग काही वर्षांनी एक कोपरा खचायला लागतो.

चाकाचंही तेच. शोभेला म्हणून एकाच जागी उभं ठेवलं तर खालचा भाग भिजून जड, वरचा सुकून तडकतो, तोल बिघडतो, मग ते फिरवायचं म्हटलं की आसावर ताण. ठेवायचं तर अधूनमधून हळू फिरू द्या. पाणी वरून पडतं का खालून ढकलतं तेही लिहा, इंग्लिश इंजिनिअर जॉन स्मीटनने १७५९ मध्ये मॉडेलवर मोजून दाखवलं की वरून पडणाऱ्या पाण्याचं चाक खालून ढकललेल्या चाकाच्या साधारण दुप्पट काम देतं. वीज करायचा विचार असेल तर तिथूनच सुरुवात.

आणि तळमजल्यावर पूर येणार हे धरूनच चाला. वायरिंग वरून खाली आणा, फ्लोअरिंग दगडाचं, भिंतींना चुन्याचा गिलावा. सिमेंट लावलंत तर ओल आत कोंडते आणि नेमकी तुळईच्या टोकाशी जाऊन बसते.

उजेड_हवा
सगळं मान्य, तरी माझं मत थोडं वेगळंय. घर हे राहायला असतं, लहान मुलं उघड्या चक्रांशेजारी जेवायला बसणार का? गाइडचा मुद्दा एकदम धुडकावू नकोस. माझ्या मते तळमजल्यावर किचन करूच नये, तिथे येणं-जाणं, स्टोअर, चिखलाचे बूट, आणि सांगाडा काचेमागे. राहणं वर, जिथे उजेड आहे. फ्रान्समधलं विलनव्हचं मूलँ बघ, कवी लुई आरागाँ आणि लेखिका एल्सा त्रिओले यांनी १९५१ मध्ये घेतलेलं, पाणचक्कीचंच घर, दोघांना तिथल्याच बागेत पुरलंय. गिरणीचं पाणी तिथे घराचाच भाग आहे, कुठे लपवलेलं नाही.

रेखाटन_वही
खूप खूप आभार, सेक्शन आजच काढायला घेते! एकच शंका, पोती वर न्यायच्या झडपा तिन्ही मजल्यांवर एकाच ओळीत आहेत, तिथून वरचा उजेड खाली आणावा असं डोक्यात आहे. चालेल?

चुना_दगड
उजेडाला झकास, पण आग लागली तर तीच धुराची चिमणी होईल. भोकं तशीच ठेव, त्यात आग सोसणारी काच बसव आणि जिना वेगळा बंदिस्त घे. झडपांची पानं फेकू नकोस, दोन पानं असतात, पोतं खालून ढकललं की उघडणारी आणि गेल्यावर आपोआप मिटणारी, बऱ्याचदा बिजागरीच्या जागी चामड्याच्या पट्ट्या. एक तरी झडप मूळ जागी चालती ठेव. आणि इमारत संरक्षित यादीत असेल तर यातलं काहीही हलवायच्या आधी परवानगी लागते, शीटवर तेही लिही.