रात्री वाजवायला इलेक्ट्रॉनिक ड्रम किट: रबर घेऊ की मेश?

ठेका_धरा:
इतकी वर्षं अकूस्टिक किट वाजवलं, पण आता वरच्या मजल्यावर राहतो आणि सरावाला वेळ मिळतो तो रात्रीच, म्हणून इलेक्ट्रॉनिक घ्यायचं ठरवलंय. रबर पॅडवालं किट बजेटमध्ये बसतं, मेशवालं, म्हणजे जाळीच्या पॅडचं, जरा बाहेर जातं. हेडफोन लावूनच वाजवणार, मग रबर चालेल ना? खाली आजी-आजोबा राहतात, फार चांगली माणसं आहेत, त्यांची झोप मोडायची नाहीये.

मेशप्रेमी:
मेशच घ्या. रबरावर काठी पडली की टक टक असा कडक आवाज येतो, दार लावलं तरी बाजूच्या खोलीत कळतो. मेश त्यामानाने खूपच शांत, आणि चावीने ताण कमीजास्त करता येतो. रोलँड कंपनीने 1997 ला टीडी-10 या किटबरोबर मेश आणलं तेव्हा ते महागडं प्रकरण होतं, आता छोट्या किटमध्येपण मिळतं. सिंबल मात्र बहुतेक किटमध्ये रबराचेच, त्यांची टकटक राहणारच.

खालचा_मजला:
मेश घ्याच, पण त्याने तुमचा प्रश्न अर्धासुद्धा सुटत नाही, खरा घोळ पायाचा आहे. किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, बीटर (पेडलचा हातोडा) पॅडवर आपटतो तो धक्का स्टँडमधून फरशीत, फरशीतून स्लॅबमध्ये आणि तिथून थेट खालच्यांच्या छतात उतरतो, म्हणजे तुमच्या कानात गाणं आणि त्यांच्या डोक्यावर नुसतं धप् धप्. नुसत्या गालिच्याने किट सरकत नाही एवढंच, धक्का जातोच. म्हणून वाचवायचेच असतील तर मॉड्यूलमध्ये (आवाज काढणाऱ्या डब्यात) पैसे वाचवा, शंभर आवाज कमी असले तरी काही बिघडत नाही, पण किककडे नीट बघा. रोलँडच्या केटी-10 सारखं पेडल घेतलं की उभा पॅड लागत नाही, ट्रिगर (ठोका ओळखणारा सेन्सर) पेडलमध्येच असतो, धक्का बराच कमी बसतो. आणि किटखाली टेनिस बॉलचा प्लॅटफॉर्म करा: प्लायचे दोन थर, खालच्या थराला बॉलपेक्षा लहान भोकं पाडून त्यात बॉल बसवायचे, वर दुसरा थर, त्यावर गालिचा. किक आणि स्टूल जिथे येतं तिथे बॉल दाट ठेवा, वजन तिथेच पडतं. प्लॅटफॉर्म भिंतीला कुठेच टेकता कामा नये, टेकला की धक्का भिंतीतून जाणार आणि सगळी मेहनत वाया.

ठेका_धरा:
हे डोक्यातच नव्हतं, मी सगळा वेळ पॅडच बघत होतो. पण मी डबल पेडल वाजवतो, दोन्ही पायांनी किक, केटी-10 वर जमेल का?

खालचा_मजला:
जमतं, दोन केटी-10 घ्यायची आणि एकमेकांना जोडायची, सोय आहे त्यात. पायाला फील वेगळा लागतो, त्यामुळे आधी वाजवून बघा. आणि हाय-हॅटचा (पायाने उघडझाप होणाऱ्या जोड सिंबलचा) पाय विसरू नका, टाचेने ठेका धरायची सवय असेल तर तोही धक्का खालीच जातो.

कानसेन:
हेडफोन वायरचेच घ्या, बंद कपवाले. ब्लूटूथवर काठी पडल्यावर आवाज उशिरा येतो, ठेका पार बिघडतो. बंद कप असले की बाहेरची टकटक कमी ऐकू येते आणि आवाज वाढवत बसावं लागत नाही, कानांची काळजी घ्या राव. आणि प्लॅटफॉर्म झाला की आजी-आजोबांकडे कुणाला तरी बसवा, तुम्ही वर फक्त किक वाजवा. दिवसा नको, रात्री शांत असतानाच, पण ते झोपायच्या आधी.