मदत हवी आहे : डिस्क रोटरचा थ्रेडलॉकरने धरलेला स्क्रू निघत नाही

सायकलच्या मागच्या चाकाचा डिस्क रोटर (डिस्क ब्रेकची धातूची चकती) बदलायचा आहे. तो ॲल्युमिनियमच्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) सहा एम५ (५ मिमी व्यासाच्या) स्क्रूंनी बसवलेला असून, स्क्रूंना टी२५ मापाची टॉर्क्स (सहा टोकांच्या ताऱ्यासारखी) खाच आहे. पाच स्क्रू कुरकुरत का होईना, हातानेच सुटले आणि त्यांच्या आट्यांवर वाळलेल्या निळ्या थ्रेडलॉकरची (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावतात त्या गोंदाची) पूड दिसली. सहाव्याची खाच मात्र गोल झाली आहे. (चूक माझीच, खाचेतली माती आधी कोरून काढली नव्हती.)

गंज सोडवणारा स्प्रे मारून पाहिला. किंचित मोठा टी२७ बिट हातोडीने ठोकून बसवला, तोही निसटला. ६० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नचे टोक पाच मिनिटे डोक्यावर टेकवले, तरी स्क्रू जागचा हलला नाही. आत सीलबंद बेअरिंग असल्याने ब्लो टॉर्च वापरण्याचे धाडस होत नाही. जुना रोटर टाकायचाच आहे, त्यामुळे तो खराब झाला तरी चालेल. हबचे आटे मात्र वाचायला हवेत.

५ मिमी ड्रिलने डोके उडवून रोटर काढला, तर रोटर जेमतेम १.८ मिमी जाडीचा असल्यामुळे स्क्रूचा तेवढाच दांडा बाहेर उरेल. तेवढा दांडा तापवून व्हाइस ग्रिपमध्ये (घट्ट लॉक होणाऱ्या पकडीत) पक्का धरता येतो का, की डोके शाबूत असतानाच उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर (अडकलेला स्क्रू काढायचे हत्यार) लावून पाहावा?