जाम इंजिन ओढून सुरू करू नका

या चर्चेत एका दादांनी सुचवलंय, की अंगणात पडून असलेल्या जुन्या टाटा-मर्सिडीज ट्रकचं जाम इंजिन गिअर टाकून दुसऱ्या ट्रकने ओढावं. कळकळीने सांगतो, तसं करू नका. नाशिकच्या एका पावसाळ्यात उघडं राहिलेलं इंजिन आहे, सायलेन्सरमधून पाणी आत गेलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो.

आधी सहाही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल अर्धं-अर्धं मिसळून ओता. आठवडाभर थांबा, रोज थोडी भर घाला. मग फ्लायव्हीलच्या (इंजिनमागच्या जड चाकाच्या) दात्यांत पहार अडकवून दोन्ही बाजूंना हळूहळू हलवा. बोटभर हललं तरी पुरे, उद्या परत. नोझल बाहेर असतानाच पूर्ण फेरा द्या, जुनं ऑइल बदला, मगच स्टार्टर.

ब्रेकची रबरं सरसकट नवी घाला.

आणि पुढच्या जाळीवरचा तो मर्सिडीजचा तारा भंगारात देऊ नका. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीजवाली डाइम्लर यांचा करार १९५४ ते १९६९ एवढाच होता, नंतर ताऱ्याच्या जागी टाटांचा 'टी' आला. कागदपत्रं मात्र आधी बघा, २०२१च्या विंटेज (पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या) नोंदणीत ट्रकसारखी व्यावसायिक वाहनं बसत नाहीत.