क्रिस्टिना रोझेटी आणि तिच्या काळातील कवयित्रींची भक्तिकविता कशी वाचावी?

वाचनवेडी, नाशिक

नमस्कार. नाशिकमध्ये आमचा पंधरा-सोळा जणांचा वाचनकट्टा आहे. दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही जमतो आणि आळीपाळीने एकेक जण बोलतो. या वेळी पाळी माझी आहे, आणि ‘व्हिक्टोरियन कवयित्रींच्या कवितेतील ख्रिस्ती उपासना व श्रद्धा’ (म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या, एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कवयित्री) हा विषय मी स्वतःच हौसेने मागून घेतला. आता थोडी पस्तावते आहे.

एम.ए.ला असताना क्रिस्टिना रोझेटीची ‘गॉब्लिन मार्केट’ तेवढी नेमलेली होती, आणि तिची चर्चाही फळे, बाजार व दोन बहिणी यांच्यापलीकडे फारशी जात नसे. या महिन्यात तिची समग्र कविता उघडून बसले तेव्हा लक्षात आले की तिच्या लेखनाचा फार मोठा भाग सरळसरळ भक्तिपर आहे आणि आम्ही तो वगळूनच तिला वाचले. माझ्या शंका दोन आहेत. ‘मी रिकामी आहे, माझ्याजवळ देण्यासारखे काही नाही’ हा सूर या कवितांत इतका सतत लागतो की तो मनापासूनचा आहे, की त्या काळच्या बाईला लहानपणापासून शिकवलेली नम्रता आहे, हे मला ठरवता येत नाही. दुसरे असे की मी पंचवटीत, रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर वाढले, त्यामुळे बायबल माझ्या कानात नाही. संदर्भ शोधून वाचले की कविता कळते, पण भिडत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना मास्तर

वाचनवेडीताई, आपल्या दुसऱ्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण ती सैल झाली की पहिली आपोआप वेगळी दिसू लागते.

रोझेटीची ‘गुड फ्रायडे’ ही कविता घ्या. १८६६ साली आलेल्या संग्रहात ती आहे. चार-चार ओळींची चार कडवी, म्हणजे सोळाच ओळी. फळ्यावर मावते, या अगदी मास्तरी कारणासाठी मी ती वर्षानुवर्षे शिकवली. बोलणारी व्यक्ती क्रुसाखाली उभी आहे, ख्रिस्ताचे गळणारे रक्त थेंबाथेंबाने मोजते आहे, आणि तिला रडू येत नाही. मी मेंढरू नसून दगड आहे की काय, असे ती पहिल्याच ओळीत स्वतःला विचारते. मग तिला इतर सारे आठवतात : आक्रोश करणाऱ्या स्त्रिया, ख्रिस्ताचा शिष्य पेत्र, शेजारच्या क्रुसावरचा चोर, आणि भर दुपारी तोंड लपवणारे सूर्य-चंद्रही. सगळे हेलावले, मी तेवढी कोरडी. शेवटी ती मेंढपाळाला, म्हणजे ख्रिस्तालाच, विनवते की मला शोधायचे सोडू नकोस, तू मोशेपेक्षा थोर आहेस, एकवार वळून पाहा आणि या खडकावर प्रहार कर.

आता ‘वळून पाहा’ हे शब्द लूकच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायाशेजारी ठेवून वाचा. पेत्राने तीनदा ‘मी याला ओळखत नाही’ म्हटले, कोंबडा आरवला, प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिले, आणि पेत्र बाहेर जाऊन रडला. पेत्र या नावाचा अर्थच खडक. दुसरीकडे बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात, रानात तहानेने व्याकूळ झालेल्या लोकांसाठी मोशे काठीने खडकावर मारतो आणि पाणी निघते. पुढे पौल करिंथकरांना लिहितो की तो खडक म्हणजे ख्रिस्तच होता. म्हणजे पहिल्या ओळीत स्वतःला लावलेले दूषणच शेवटच्या ओळीत आशेची जागा होते. दगडच असेन तर असू दे, दगडातून पाणी काढणे त्याला ठाऊक आहे. पाणी निघाले का, हे मात्र ती सांगत नाही. कविता प्रहाराच्या आधीच थांबते.

येथेच आपल्या पहिल्या शंकेचे निदान अर्धे उत्तर मिळते, असे मला वाटते. त्या काळी बाईच्या कवितेकडून वाचकांची मुख्य अपेक्षा होती ती अश्रूंची. ही बाई क्रुसाखाली उभी राहून सांगते की रडणाऱ्या स्त्रियांत मी नाही. शिकवलेली नम्रता असती तर तिने शिकवल्याप्रमाणे रडून दाखवले असते.

उपासनेविषयी थोडेसे. १८३३ पासून ऑक्सफर्डमध्ये जी चळवळ सुरू झाली, तिने इंग्लंडच्या चर्चला प्रभुभोजन, पापकबुली, सणवारांचे वार्षिक चक्र आणि साधनेची शिस्त यांची नव्याने आठवण करून दिली. रोझेटी कुटुंबातील स्त्रिया लंडनच्या ऑल्बनी स्ट्रीटवरील क्राइस्ट चर्चमध्ये जात, आणि ते या चळवळीचे लंडनमधील एक मोठे ठाणे होते. तिची थोरली बहीण मारिया १८७३ मध्ये भगिनीसंघात, म्हणजे व्रतस्थ ख्रिस्ती स्त्रियांच्या मठात, दाखल झाली. क्रिस्टिनाने दोन विवाह नाकारले आणि दोन्ही वेळा धर्मश्रद्धेतील अंतर आड आले. तिची भक्तिकविता वर्षाच्या पंचांगाला बांधलेली आहे : आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, पुनरुत्थान. आपल्याकडे एकादशीचे अभंग, रामनवमीचे पाळणे असतात, तोच प्रकार समजा. या चळवळीत आणखी एक आग्रह होता : पवित्र गोष्ट चव्हाट्यावर मांडू नये, राखून बोलावे. तिच्या कवितांत शब्द इतके साधे आणि ओळी इतक्या मितभाषी का, याचे निम्मे कारण तेथे आहे.

जाता जाता एक सांगतो. रस्त्यात पडलेल्या कागदाच्या कपट्यावर ती पाय देत नसे, न जाणो त्यावर देवाचे नाव असेल, असे तिच्याविषयी सांगतात. वर्गात हे सांगितले की मुले हसत नसत. कागदाला पाय लागला की नमस्कार करणाऱ्या घरांतलीच ती मुले.

शरणपूरकर

मास्तरांनी कविता पानावर ठेवून दाखवली. मला ती तोंडात कशी असते, याविषयी लिहायचे आहे. आमचे घराणे शरणपूरचे. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील धर्मप्रचारक संस्थेने नाशिकच्या वेशीबाहेर वसवलेली ही वस्ती आता शहराच्या पोटात आहे, आणि शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या कित्येकांना नावाचा अर्थही आठवत नसेल.

ताई, ‘मी रिकामी आहे’ हे तुम्ही एकटीने, टेबलापाशी बसून वाचता आहात. आमच्याकडे ते शंभर-दीडशे माणसे उभी राहून एकदम म्हणतात. शार्लट एलियट नावाची ब्रायटनची आजारी बाई, व्हिक्टोरिया गादीवर येण्याच्या एक-दोन वर्षे आधी, घरातले सगळे धर्मकार्यासाठी भरवलेल्या विक्रीच्या धामधुमीत असताना अंथरुणाला खिळून होती. आपला कोणाला काही उपयोग नाही, या विचाराने तिला झोप आली नव्हती. त्यातून ‘जशी आहे तशी मी येते’ या आशयाचे गीत निघाले. तिचा भाऊ धर्मगुरू होता, आणि आपल्या साऱ्या सेवेपेक्षा बहिणीच्या या एका गीताने अधिक काम केले, अशी त्याने कबुली दिली. बाईला व्यासपीठावर चढण्याची परवानगी नव्हती, करिंथकरांस पत्रातले ‘स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे’ हे वचन पुढे केले जाई. पण गीत सुरू झाले की पाळकसाहेबांनाही तिचेच शब्द उच्चारावे लागत. त्या ‘मी’मध्ये मग पुरुष, म्हातारे, पोरे सगळे असतात. हा नम्रतेचा प्रश्न गाताना असा वेगळाच होऊन जातो.

दुसरी गोष्ट फ्रान्सिस हॅव्हरगलची. ‘माझे जीवन घे’ अशी सुरुवात असलेले तिचे गीत १८७४ चे आहे, आणि त्यात सोने-रुपे अर्पण करण्याची ओळ आहे. चार वर्षांनी तिला वाटले की आपण हे नुसतेच गातो आहोत. तेव्हा तिने दागिन्यांची पेटी आणि आतले सुमारे पन्नास दागिने चर्च मिशनरी सोसायटीकडे पाठवून दिले. पैसा कोठे गेला ते मी सांगू शकणार नाही, पण शरणपूर वसवणारी संस्था तीच, त्यामुळे ती ओळ आली की माझे लक्ष जरा विचलित होते, हे खरे.

उलटतपासणी

चर्चा छान चालली आहे, पण थोडे पाणी ओततो. रोझेटीला बंडखोर करून टाकू नका. १८८९ मध्ये स्त्रियांच्या मताधिकाराविरुद्ध जे निवेदन निघाले, त्यावर तिची सही आहे. सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर हिने १८४८ मध्ये मुलांसाठी गीते लिहिली. प्रेषितांच्या मतांगिकारातले, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या जुन्या कबुलीतले, एकेक वाक्य मुलाला कळेल असे फोडून सांगायचे, ही तिची योजना सुरेखच होती. पण त्याच पुस्तकातल्या सर्वांत लाडक्या गीतात, वाड्यातला श्रीमंत आणि फाटकापाशी उभा गरीब यांचे स्थान देवानेच ठरवले, असे एक कडवे आहे. पुढच्या अनेक संग्रहांनी ते मुकाट्याने गाळले.

आणि सगळ्यांना एका माळेत ओवू नका. सेरा फ्लॉवर ॲडम्स ही युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एक देव) न मानणारी. दगडाची उशी करून झोपलेल्या याकोबाच्या कथेवरचे तिचे १८४१ चे प्रसिद्ध गीत नीट पाहिले तर त्यात ख्रिस्ताचे नावच नाही. ॲडिलेड प्रॉक्टर कॅथलिक झाली आणि १८६२ चा संग्रह तिने लंडनमधील निराधार स्त्रियांच्या रात्रनिवाऱ्यासाठी काढला. हॉवर्थच्या धर्मगुरूची मुलगी एमिली ब्रॉन्टी १८४६ मध्ये लिहिते की माणसांचे हजारो पंथ पोकळ आहेत, आणि तरीही तिची ती कविता श्रद्धेचीच आहे.

माझ्या मते मात्र या सगळ्यांत अंगावर येते ती एलिझाबेथ बॅरेटची १८४३ ची, खाणी-गिरण्यांतल्या मुलांवरची कविता. तेव्हा ती अजून ब्राउनिंग झालेली नव्हती. मुलांना प्रार्थना करा म्हटले, तर ती म्हणतात की आम्हाला तिच्यातले ‘आमच्या पित्या’ एवढेच शब्द येतात, आणि मध्यरात्री भीती वाटली की आम्ही ते मंत्रासारखे पुटपुटतो. देव ऐकत असेल तर ठीक, पण यंत्रांच्या घरघरीत त्याला आमचे रडणे ऐकू कसे जाणार? उपासनेची भाषा वापरूनच उपासकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे, हे त्या काळात फार थोड्यांना जमले.

वाचनवेडी, नाशिक

सर्वांचे आभार. ‘गुड फ्रायडे’ काल लूकचा तो अध्याय शेजारी उघडून पुन्हा वाचली, आणि ‘वळून पाहा’पाशी खरोखरच थांबले. उलटतपासणी यांचे म्हणणे मान्य आहे; सही तिची आहे आणि मी ती लपवणार नाही. मात्र १८५९ पासून सुमारे दहा वर्षे हीच बाई लंडनमधल्या हायगेटच्या आश्रमात ‘पतित’ ठरवलेल्या मुलींमध्ये काम करत होती, तेही सांगेन.

एक विचारायचे राहिले. मंडळी अधिक रमावीत म्हणून जनाबाईशी तुलना करावी काय?

जुना मास्तर

करू नये असे नाही, पण जपून. जनाबाईच्या अभंगांत विठोबा जात्यावर येऊन बसतो, दळू लागतो, तिच्याशी सलगीने वागतो. रोझेटीचा देव तसा घरात येत नाही. ती दाराबाहेर उभी राहून वाट पाहते. दोघींनाही ‘भक्त स्त्रिया’ म्हणून एका चौकटीत बसवले की नेमका हाच फरक पुसला जातो, आणि श्रोते घरी जाताना फक्त जनाबाई घेऊन जातात.

त्यापेक्षा जवळचा दुवा पंडिता रमाबाईंचा. त्या १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेजच्या भगिनीसंघात राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा संघ ऑक्सफर्डच्या त्याच चळवळीतून उभा राहिलेला, म्हणजे रोझेटीच्या बहिणीने ज्या प्रकारचे जीवन पत्करले, तेच रमाबाईंनी आतून पाहिले. तेथील भगिनींशी त्यांनी त्रैक्यावर आणि आज्ञाधारकपणावर पत्रांतून घातलेले वाद वाचले, म्हणजे रोझेटीने ज्या गोष्टी मुकाट्याने स्वीकारल्या त्या किती वादाच्या होत्या, ते ध्यानात येते. आणि आपल्या कट्ट्याला घरचेच नाव हवे असेल तर लक्ष्मीबाई टिळक आहेत. जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा, १८६८ चा, मृत्यू १९३६ मध्ये नाशिकलाच. पतीच्या निधनामुळे अर्धवट राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरचे काव्य त्यांनी पूर्ण केले. पण हे शेवटच्या पाच मिनिटांत सांगा. विषय रोझेटीचा आहे.

वाचनवेडी, नाशिक

ठरले. वीस मिनिटांपैकी बारा मिनिटे फक्त ‘गुड फ्रायडे’. तिच्या सोळा ओळींच्या प्रती काढून सगळ्यांना देईन आणि लूक व निर्गम यांतील उतारे मराठीत मोठ्याने वाचून घेईन. मग मुलांची कविता, मग सही आणि हायगेट, आणि वेळ उरलाच तर वाँटेज.

शरणपूरकर, एक विनंती आहे. गीत वाचणे आणि गाणे यांतला फरक मी कितीही समजावला तरी तो समजावलेलाच राहील. आपण शनिवारी येऊन एलियटचे ते गीत म्हणून दाखवाल काय? कट्ट्याच्या खोलीत पेटी आहे, मात्र तिचा भाता जुना झाला आहे.

शरणपूरकर

येतो. पेटी माझीच आणतो. पण एकट्याने म्हणणार नाही. दुसऱ्या कडव्यापासून तुम्हा सगळ्यांना उभे राहून म्हणावे लागेल. शब्दांच्या प्रती मी काढून आणेन.